गोमती एका पावलात

माझे वडील हवाई दलात होते आणि आम्ही लखनौजवळ बख्शी का तालाबच्या वसाहतीत राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अकरा वर्षांची, धाकटी बहीण आठ. दर रविवारी सकाळी वसाहतीची बस लखनौ शहरात जायची. आई शेजारणींबरोबर बाजाराला जाई आणि आम्ही दोघी बाबांबरोबर हजरतगंजला इंग्रजी सिनेमाच्या सकाळच्या खेळाला. तिथं बहुतेक साहसाचेच सिनेमे लागायचे. जंगलं, जहाजं, वाट चुकलेली माणसं. बाबा विमानातली उपकरणं दुरुस्त करायचे, त्यामुळे पडद्यावर होकायंत्र दिसलं की ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे.

आई कधी यायची नाही. "ते इंग्रजी कुणाला कळतंय," म्हणायची. पण एका रविवारी बाजारवाल्यांचा कसलासा बंद होता, दुकानं उघडलीच नाहीत, आणि ती नाइलाजानं आमच्याबरोबर आली.

त्या सिनेमात चार पुरुष आणि एक बाई एका मोठ्या नदीचा उगम शोधायला निघतात. खेचरं, होड्या, दोरांचा पूल, एकाला ताप येतो, एक जण परत फिरतो. शेवटी बर्फाच्या गुहेतून थेंब थेंब पाणी पडताना दिसतं आणि ती बाई तिथंच बसून रडते. शब्द एक कळला नसेल, पण आई पापणी न लवता बघत होती. बाहेर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "एवढ्या पावसात ती बाई मोजे कुठं वाळवत असेल हो?"

परत येताना बस गोमतीच्या पुलावर आली. आई खिडकीबाहेर बघत होती.

"ही कुठून येते हो?"

"हिमालयातून," बाबा म्हणाले. "इकडच्या सगळ्या नद्या तिकडूनच येतात."

"हिमालयात कुठून?"

घरी आल्यावर बाबांनी माझा शाळेचा नकाशासंग्रह उघडला. गोमतीची निळी रेघ पिलीभीतच्या बाजूला हिरव्या रंगातच सुरू होत होती. डोंगराचा तपकिरी रंग तिच्यापासून बराच वर होता.

"नकाशा लहान आहे, नीट दाखवत नाही," बाबा म्हणाले.

"डोंगर असणारच," आई म्हणाली. तिचं माहेर कऱ्हाडजवळ, कोयनेच्या काठचं. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरातून येते हे तिला ठाऊक होतं, म्हणून नदी म्हटली की डोंगर आलाच. खरं तर तो उगमही तिनं पाहिला नव्हता. माहेरी असताना कुणी नेलं नाही, आणि लग्नानंतर कुणी विचारलं नाही.

आठवडाभरानं एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "दसऱ्याच्या सुट्टीत आपण गोमतीचा उगम बघायला जाऊ या."

"रजा गावाला जायला ठेवलीय," बाबा म्हणाले.

"त्यातले तीन दिवस घ्या." मग हातातली मेथीची जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "जोधपूरला गेले, जोरहाटला गेले, इथं आले. बदलीच्या कागदावर तुमचं नाव आलं, म्हणून मागून मी. अमुक एक ठिकाण बघायचंय असं मी आजवर कधी म्हटलंच नाही."

बाबा म्हणाले, "बरं."

आईनं तयारी सिनेमा बघूनच केली. चौघांचे स्वेटर, कानटोप्या, कपडे वाळत घालायची दोरी, बॅटरी, आणि तीन दिवस टिकतील एवढ्या दशम्या. ऑक्टोबर महिना, घामाच्या धारा लागलेल्या. हे सगळं भरलेली ट्रंक उचलताना बाबा एकदा आईकडे बघून हसले.

आमच्या स्टेशनवरूनच छोट्या लाइनची, म्हणजे मीटरगेजची गाडी जायची. लाकडी बाकं, प्रत्येक स्टेशनावर थांबणारं इंजिन, दोन्ही बाजूंना ऊस. सीतापूर गेलं, लखीमपूर गेलं, मैलानीनंतर सालवृक्षांचं जंगल लागलं. डब्यातल्या लोकांनी विचारलं, कहाँ जाना है? आईनं सांगून टाकलं, "गोमती का मायका देखने." सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जागा सरकवून आईला खिडकी दिली.

पूरनपूरला धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं माधोटांड्याला गेलो आणि पुढे विचारत विचारत पायी, थंडी लागेल म्हणून ट्रंकही बाबांच्या खांद्यावर. डोंगर कुठंच नव्हता. टेकाडसुद्धा नव्हतं. सपाट शेतं, मधूनमधून पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत. आणि मग एक तळं आलं. काठाला छोटं देऊळ, पाण्यात पानांचा गच्च थर, एका कडेला म्हशी.

"बस? इतना ही?" बहीण म्हणाली. ती मराठी ऐकायची आणि हिंदीत बोलायची. "मम्मी, बरफ कहाँ है?"

बाबांनी ट्रंक खाली ठेवली. आता आईला काय वाटेल, या भीतीनं मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

काठावर एक म्हातारी बाई तळ्यातून काढलेले शिंगाडे टोपलीत निवडत बसली होती. आई तिच्याकडे गेली. "अम्मा, नदी कहाँ है?"

"यही तो है," म्हातारी म्हणाली.

"पानी कहाँ से आता है?"

"नीचे से. अपने आप."

म्हातारीनं तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. तिथून पाण्याची एक धार बाहेर पडून गवतात शिरत होती. आमच्या वसाहतीच्या नळाखाली भांडी घासताना पाणी वाहायचं, तेवढीच. आई धारेजवळ गेली, चपला काढल्या, पाचवारी पातळ वर खोचलं आणि एक पाऊल टाकून पलीकडे गेली. मग परत अलीकडे आली. मग पुन्हा पलीकडे.

"अहो!" ती ओरडली. "गोमती ओलांडली मी!"

आम्ही दोघी पळतच गेलो. थोड्या वेळानं बाबाही बूट हातात घेऊन आले. चौघं कितीदा इकडून तिकडे गेलो, मोजलं नाही.

नंतर म्हातारीनं आम्हाला उकडलेले शिंगाडे दिले. तिचा सगळा जन्म त्या तळ्याकाठी गेला होता. ती पूरनपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. तिनं आईला विचारलं, "तुम्हारे लखनऊ में कितनी बड़ी हो जाती है यह?"

आईनं दोन्ही हात पसरले. मग तेवढ्यानं भागेना, म्हणून ती उठून उभी राहिली आणि समोरच्या झाडापर्यंत बोट दाखवून म्हणाली, त्याच्याही पलीकडे. वर पूल आहेत, पुलांवरून बस जाते, खाली नावा चालतात. पावसाळ्यात पाणी घरात शिरतं. म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिचा विश्वासच बसेना. आई शपथेवर सांगत होती, आणि मला ती त्या क्षणी अगदी त्या सिनेमातल्या बाईसारखी दिसली, लांबच्या मुलखातून आलेली.

सुट्टी संपल्यावर बहिणीनं शाळेत सांगितलं की तिनं गोमती एका पावलात पार केली. वर्ग हसला. बाईंनी खोटं बोलते म्हणून तिला उभं केलं. ती रडत घरी आली.

आमच्या शाळेत आई कधी आली नव्हती. काही काम असलं तर बाबा जायचे. दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि बाईंची परवानगी घेऊन वर्गात फळ्यासमोर उभी राहिली. मी बाहेरच्या व्हरांड्यात होते. तिचं हिंदी मला माहीत होतं, त्यामुळे माझे कान आधीच गरम झाले होते.

"बच्चों, हम खुद जाके आए," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. गाडी, जंगल, सपाट शेतं, म्हशी, शिंगाडे. पाणी जमिनीतून कसं येतं ते तिनं मूठ उघडून दाखवलं. मुलं हसत नव्हती. एकानं विचारलं, वहाँ मछली है? आई म्हणाली, है, छोटी छोटी. बाईंनी बहिणीला बसायला सांगितलं आणि स्वतःही खुर्चीत बसल्या. तास संपताना त्यांनी आईला हळूच विचारलं की गाडी कुठून पकडायची आणि राहायची सोय कशी आहे.

घरी येताना कोपऱ्यावर आईनं मला विचारलं, "माझं हिंदी बरोबर होतं का गं?"

तिनं तासभर "नदी निकलता है" म्हटलं होतं.

"सगळं बरोबर होतं," मी म्हणाले.