अकरा पंजे

हातकामाच्या बाजारात जागा मिळवायच्या अर्जावर ‘माध्यम’ असा एक रकाना होता. डिंकमावशीनं त्यात लिहिलं, ‘हाताला लागेल ते’. खिडकीतल्या कारकुनानं ते खोडलं आणि वर ‘मिश्र माध्यम’ असं घातलं.

“खोडलंत कशाला? खोटं होतं का?” मावशी तिथंच कडाडली.

ती पहिल्यापासून अशीच. बत्तीस वर्षं तिनं एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढली. छापलेले कागद दुमडायचे, दाभणानं भोकं पाडून शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. बोटं सदा चिकट, म्हणून नाव पडलं डिंकमावशी. नोकरी संपली, पण हात काही स्वस्थ बसेनात. कागदाची कात्रणं, बाइंडिंगचं कापड, दोरा, गंजक्या पिना असलं काहीबाही जोडून ती चित्रं करू लागली. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. टेबलावरचा पसारा कोपरानं सारून ताटापुरती जागा करायचा आणि म्हणायचा, “भाजीत पिन निघाली नाही म्हणजे मिळवलं.”

दर हिवाळ्यात जुन्या सभागृहात दहा दिवस हातकामाचा बाजार भरे. दोन वर्षं मावशीनं तिथं झाडं नि पाखरं मांडली. लोकांनी कौतुकानं घरी नेली. तिसऱ्या वर्षी मात्र तिनं पंजे करायला घेतले.

बाइंडिंग खात्यात तिच्याबरोबर राबलेल्या दहाजणींचे दहा आणि अकरावा स्वतःचा. प्रत्येकीचा हात प्लॅस्टरमध्ये दाबून साचा घ्यायचा, त्यात कागदाचा लगदा भरायचा, वाळला की वरून कापड, दोरा, छापील ओळींचे तुकडे. अकरापैकी सहा पंजांची बोटं अपुरी होती. कागद कापायच्या मशीनला बोटं वाचवायला जाळी होती, पण तिच्यामुळे काम मंदावतं म्हणून ती काढून ठेवलेली असे. मावशीच्या डाव्या तर्जनीचं पेर तिथंच गेलं, आणि त्याच खात्यात असलेल्या तिच्या थोरल्या जावेची दोन बोटंही.

जाऊ काही केल्या हात देईना. “भिंतीवर टांगायला मी काय शिकार आहे?”

“शिकार नाही, साक्षीदार.”

“मग साक्षीदाराला चहा तरी पाज.” शेवटी बसली. प्लॅस्टर घट्ट होईस्तोवर हात हलवता येईना, म्हणून तेवढा वेळ तिनं तोंड चालवलं आणि मावशीच्या लग्नापासूनच्या सगळ्या चुका वाचून दाखवल्या.

पंजे एका फळीवर लागले. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी होती: कोण, किती वर्षं काम केलं, कोणतं बोट कधी गेलं. बस्स. छापखान्याचं नाव कुठंही नव्हतं. पण सभागृहाच्या दारावर आश्रयदाते म्हणून ज्यांचा मोठा फलक लागला होता, ते त्याच छापखान्याचे मालक. गावात हे ठाऊक नसलेला एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजार समितीचे अध्यक्ष आले. बोलायला फार मऊ माणूस.

“मावशी, काम उत्तम आहे. फक्त त्या चिठ्ठ्या तेवढ्या काढा. लोक इथं प्रसन्न व्हायला येतात. मुलं घाबरतात हो.”

जाऊ शेजारीच स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, “मुलं तर मघापासून बोटं मोजतायत. घाबरलंय कोण, ते सांगा.”

अध्यक्ष निघून गेले. नवरा डबा घेऊन आला होता, त्यानं सगळं ऐकलं. “काढून टाक ना चिठ्ठ्या. पंजे तर राहतायत. कशाला वाकड्यात शिरायचं?”

जागा हातची गेली तर पुन्हा मिळायची नाही, हे मावशीला कळत होतं. या बाजारासाठी ती वर्षभर जीव टाकायची. पण ती म्हणाली, “चिठ्ठी काढली की तो नुसता कागदाचा हात. तो कुणाचाही असू शकतो. हा माझ्या मैत्रिणीचा आहे.”

नवऱ्यानं डबा उघडला, पुन्हा लावला, आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी फळीवर पांढरी चादर आणि ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी. वरचा दिवाही बंद. मावशीनं चादर उतरवली. बाइंडिंग खात्यात कागद दुमडायची तशी कोपऱ्याला कोपरा लावून चार घड्या घातल्या, नखानं धार काढली, आणि भरल्या सभागृहातून चालत जाऊन ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

“तुमची वस्तू माझ्याकडे राहिली होती.”

“मावशी, हे बरं दिसत नाही.”

“दिसत नव्हतंच. दिवा बंद केलात ना.”

ती परत आली तेव्हा फळीवर उजेड होता. पलीकडे काचेचे तुकडे आणि तार यांची कामं मांडणारा एक अबोल माणूस होता. त्यानं स्वतःच्या जागेवरून वायर ओढून दिवा लावला होता. मावशीनं बघितलं तर म्हणाला, “माझ्याकडे दोन होते.” त्याच्याकडे एकच होता. त्याची काच आता अंधारात होती.

दिवा परत विझवायला कुणी आलं नाही. उरलेले सात दिवस मावशी उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथं ठाण मांडून बसली. छापखान्यातल्या जुन्या बायका आल्या. त्यातल्या एकीनं आपला पंजा शोधला, त्यावर आपला हात टेकवला आणि नवऱ्याला म्हणाली, “बघ, मापात आहे.” शेवटच्या दिवशी मालकांची गाडी दारापर्यंत आली, थोडा वेळ थांबली आणि तशीच वळली.

पुढल्या वर्षी पत्र आलं: जागेअभावी क्षमस्व. मावशीनं ते चित्रात वापरलं. कागद जाड होता, चांगला दुमडला. काचवाल्याला पत्र आलं नव्हतं, तरी त्यानं अर्ज मागं घेतला. त्याच्यामागून आणखी चौघांनी. बंद पडलेल्या बस दुरुस्तीच्या शेडमध्ये सहाजणांनी आपला बाजार मांडला. शेडची किल्ली कुणी मिळवली? मावशीच्या ड्रायव्हर नवऱ्यानंच. डेपोत जुन्या ओळखी होत्या, म्हणाला. छत गळकं, गर्दी बेताची. पण चादर घालायला कुणी येणार नव्हतं.

तिथं एक दिवस छापखान्यातली एक तरुण पोरगी आली. मशीनला जाळी बसली, म्हणाली. का बसवली ते कुणी सांगितलं नाही, एका सोमवारी बसलेली दिसली.

“उशिरा सुचलं,” मावशी म्हणाली. डोळे भरले होते, म्हणून आवाज मुद्दाम चढवला.

“मावशी, माझाही साचा घ्या ना,” पोरीनं हात पुढं केला. पाचही बोटं धड.

मावशीनं तो हात उलटासुलटा करून पाहिला. तळव्यावर खळीचा पापुद्रा वाळला होता.

“आत्ता नाही. नोकरी संपेल तेव्हा ये, आणि पाचही घेऊन ये. त्याआधी कुणी जाळी काढली, तर मला सांगायला ये.”