गुलाबातलं तळं

"माज्या गुलाबात लोकं पवायला येत्यात!"

पवनानगरचे एक भाऊ आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसात उभे राहून ओरडत होते. असे, की खालच्या दुकानातली चिक्की आपोआप तुटली असेल.

शेजारच्या टेबलावरच्या आमच्या सीनियर ताईंनी मान वळवली नाही. डाव्या हाताचं फक्त एक बोट वर केलं. "आधी पॉलिगॉन बंद."

नकाशाच्या ऑफिसात काम केलं असेल, तर हे बोट तुमच्या ओळखीचं असेल. आमचा धंदा एवढाच: उपग्रहाचा फोटो स्क्रीनवर घ्यायचा आणि शेत, घर, तळं, जे दिसेल त्याच्या कडेनं माउसनं रेघ ओढायची. निघाली तिथंच परत आणून जोडली, की झाला पॉलिगॉन. ताईंना उघडं काही सोसायचंच नाही. माझा डबा, बाथरूमचं दार, साहेबांचं तोंड, सगळं त्या बंद करायच्या. भूकंपात जमीन फाटली असती, तर आधी तीही जोडून घेतली असती.

बाहेर मात्र कधी पडायच्या नाहीत. एकदा जाऊन बघू या म्हटलं, की म्हणायच्या, "वरून दिसतंय की सगळं." कार्ल्यात कुणाच्या गोठ्यावर नवा पत्रा पडला, तेही खुर्चीतून सांगायच्या.

त्यांना वरून भाऊंचं गुलाबाचं पॉलीहाऊस दिसलं. प्लास्टिकवर ऊन पडलेलं, निळसर, चकचकीत. ताईंनी झोकात रेघ ओढली, पॉलिगॉन बंद केला, आत तळ्याचा निळा रंग भरला. तो नकाशा गेला पर्यटकांच्या मोबाईलमध्ये. शनिवार उजाडला की भाऊंच्या फाटकात हाफ चड्ड्या आणि हवेच्या ट्यूबा. एकानं तर होडी आणली होती म्हणे. होडी मी पाहिली नाही, भाऊंच्या हातातलं वल्हं पाहिलं. आत गुलाब तोडणीला आलेले. ही झुंड घुसली असती, तर अख्खा हंगाम पायाखाली.

भाऊंचं ऐकल्यावर ताईंनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, नाक स्क्रीनला टेकेपर्यंत. मग गुपचूप तळं पुसलं. पण मोबाईलमधला नकाशा बदलायला महिना लागणार होता, आणि गुलाब काही महिनाभर थांबणार नव्हते.

शनिवारी ताई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. प्रत्येक वळणाला "अरे, हे इथं आहे होय," चालूच. भाऊंच्या फाटकात खुर्ची टाकून बसल्या आणि येईल त्याला सांगू लागल्या, इथं तळं नाही.

"मॅडम, मॅपवर आहे ना," एक पोहणारा म्हणाला.

"तो मॅप मीच काढलाय."

"मग तुम्हालाच माहिती पाहिजे."

ताईंनी फाटक बंद केलं.

महिनाभर त्यांनी सुट्ट्या तिथंच काढल्या. एक कळी चुरगळली नाही. संध्याकाळी भाऊ त्यांना गुलाबांचा भारा द्यायचे. तो स्कूटरवर पुढ्यात घेतला, की ट्रकवाले मला नवरदेव समजून वाट द्यायचे.

पुढं ताई नोकरी बदलून नागपूरला गेल्या. त्यांची खुर्ची अजून टेबलाखाली नीट सरकवलेली असते. बसायचं धाडस कुणाला होत नाही.

परवा नवा फोटो आला. पॉलीहाऊसला लागूनच काहीतरी निळं, चकचकीत. या खेपेला मी आधी जाऊन आलो. भाऊंनी शेततळं खणलं होतं आणि काठावर ट्यूबा भाड्यानं ठेवल्या होत्या. "न्हाई म्हनलं तरी येत्यातच," भाऊ म्हणाले, "मग म्हनलं, पवू द्या."

मी तिथूनच नागपूरला फोन लावला. ताई, तुमचं तळं खरं झालं, म्हणून जवळजवळ नाचतच सांगितलं.

पलीकडून त्या म्हणाल्या, "पॉलिगॉन बंद केलास का?"