गाईचं उष्टं

अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मुंबईची गिरणी बंद पडली तेव्हा माझे थोरले दीर गावी आले आणि घाटावरून जर्सी गाय घेऊन आले. जन्मभर कापड विणायच्या साच्यावर उभा राहिलेला माणूस आठ दिवसांत गुरांचा पंडित झाला. गाय नाकातून शेंबूड गाळत होती, घोरत होती. पंडित म्हणाले, "हवा बदललीय तिची, दुसरं काय!"

गोठा एकच. त्यातच माझ्या दोन गाभण शेळ्या. करडं विकून लेकीला देवरूखला पाचवीत घालायची, असं मी ठरवलं होतं. दीर मात्र गाईने दगडी डोणीत उरवलेली पेज रोज शेळ्यांपुढे ओतायचे. गाईचं उष्टं म्हणजे तीर्थ, वाया घालवायचं नाही! स्वतः मात्र त्या तीर्थाला कधी बोट लावलं नाही.

आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नाही. मी तर कोणाशीच फारसं बोलत नसे. पदर ओढून मी शेळीला म्हटलं, "बाय माझी, पाहुणीच्या शेंबडात तोंड घालू नको गो."

दीर गाईला म्हणाले, "ऐकलंस? चौथी शिकलेली डॉक्टरीण बोलतेय! गाईचा आजार शेळीला लागला, तर उद्या माझी शिंक माडाला लागेल."

सासूबाई खो खो हसल्या.

मग शेळ्यांची नाकं वाहायला लागली. एक गाभडली, मागोमाग दुसरी. तेव्हा पंडितांना काही वाटलं नाही. गाईचं दूध आटलं, तेव्हा मात्र धावत जाऊन देवरूखहून गुरांचे डॉक्टर आणले. डॉक्टरांनी गाईचा शेंबूड आणि तिघींचंही रक्त तपासायला पाठवलं. पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "गाईच्या नाकात जो विषाणू आहे, त्याचीच खूण शेळ्यांच्या रक्तात आहे. असं क्वचित होतं, पण होतं. एका भांड्यात पाजता कशाला?"

दीर म्हणाले, "मग शेळ्यांनीच गाईला दिला नसेल कशावरून?"

"आधी आजारी कोण पडलं?"

पंडित माडाकडे बघत राहिले.

"आणि ही गाय बरी दिसली तरी रोग अंगात दडून राहतो," डॉक्टर म्हणाले. "थकली की पुन्हा उठेल. वेगळी बांधा."

दुसरा गोठा कुठला? सासूबाईंनी ती दिरांच्याच पडवीत बांधायला लावली. उशाशी घोरायची. वर बजावलं, "धाकटीच्या करडांची किंमत भरून दे."

गाय बरी होऊन दूध देऊ लागली, तसे दीर दुधाच्या पैशांतून थोडे थोडे डोणीच्या काठावर ठेवायचे. चूक झाली, हे अक्षर तोंडातून निघालं नाही. लेकीची शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी उरलेल्या नोटा ठेवल्या आणि गाईला म्हणाले, "सांग तिला, फिटले."

मी मोजून घेतले आणि शेळीला म्हटलं, "सगळे पोचले गो."