सासूबाईंनी पळवलेला वॉकर

शाळेत आयुष्यभर पोरींकडून कवायत करून घेतली, त्यामुळे माझे पाय कधी दगा देतील असं मनातही आलं नव्हतं. पासष्टी उलटल्यावर डाव्या खुब्याने तो दिलाच. सांधा झिजला होता. आधी रोजचं फिरणं सुटलं, मग जिना. शेवटी कूस बदलतानाही देव आठवायला लागला, तेव्हा नगरला जाऊन नवा सांधा बसवून घेतला.

पारनेरला घरी आले ती वॉकर आणि नियम घेऊनच. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, आधाराशिवाय उठायचं नाही. काही आठवड्यांनी व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, घरातल्या घरात पुष्कळ झालं. आता गल्लीत चालायचं."

"फार ऊन आहे गं. बघू नंतर."

ऊन हा बहाणा होता. जिला सगळ्या गल्लीने झपझप चालताना पाहिलेलं, तिने आता तो चार पायांचा सांगाडा पुढे ढकलत निघायचं? मला लाज वाटत होती.

माझ्या सासूबाई कॉटवर बसून ऐकत होत्या. वय नव्वदीच्या घरात. त्यांना कमी ऐकू येतं म्हणतात, पण हवं ते बरोबर येतं. मुलगी गेल्यावर म्हणाल्या, "लाज कसली वाटती गं? तुजाच पाय हाय न्हवं? का चोरून आनलाय?"

त्या उठल्या, माझ्या खुर्चीजवळचा वॉकर धरला आणि थेट दाराबाहेर!

"अहो आई, कुठं निघालात? पडाल!"

"तू बस. मी येते हिंडून."

बसण्यावाचून मला गत्यंतर नव्हतंच. आमचे हे अंघोळीला गेलेले. खिडकीतून पाहते तर सासूबाई वॉकर टेकवायच्या ऐवजी उचलूनच चाललेल्या.

"आजी, काय झालं पायाला?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"मला काय हुतंय? सूनबाईची नवी गाडी हाय. बगते कशी चालती!"

सगळी गल्ली हसली. सासूबाई वॉकरसकट समोरच्या ओट्यावर चहाला बसल्या.

हे अंघोळ करून आले, तशी मी ओरडले, "आधी माझा वॉकर आणा!"

ते गेले आणि हात हलवत परत आले. "आई म्हणते, जिचा आहे तिने येऊन न्यावा."

"अहो, पण येऊ कशाने?"

ते पुन्हा गेले. आता निरोप आला, "चहाला इकडे येणार असशील तरच मिळेल."

केलं कबूल. यांनी वॉकर आणून दिला. मी मान खाली घालून गल्ली ओलांडली. कुणी हसलं नाही, कुणी कीवही केली नाही. समोरच्या बाईंनी मात्र खुर्ची पुढे करत विचारलं, "कुठून घेतला हो? आमच्या यांच्या गुडघ्यांना पाहिजे होता." इतक्या दिवसांनी घराबाहेर प्यायलेला तो चहा मी दोनदा मागून घेतला.

पुढे वॉकर गेला, काठी आली, तीही सुटली. दिवाळीनंतर तिसगावला नात्यातल्या लग्नाला गेलो, तेव्हा मंडपात मी कुणाचा हात न धरता फिरले. फक्त पंगतीत मला खुर्ची दिली. शेजारी सासूबाई खाली, झकास मांडी घालून बसलेल्या. अर्ध्या जेवणात त्यांनी मान वर केली.

"लई उंचावर बसलीस म्हून माज्या पानात डोकावू नगंस. जिलबी मी तिसऱ्यांदा घेतलीया, घरी बोलायचं न्हाई."