दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही

आमच्या प्राध्यापकांनी आयुष्याची पंचवीस वर्षं एका पळून गेलेल्या राजपुत्रामागे घालवली होती. इराणवर अरबांची स्वारी झाली, राजा मारला गेला, आणि त्याचा मुलगा डोंगर-वाळवंटं तुडवत थेट चीनच्या सम्राटाच्या दारात जाऊन उभा राहिला. राज्य परत घ्यायचंय, सैन्य द्या, म्हणाला. सम्राट भला माणूस. त्याने राजपुत्राला सेनापतीची पदवी दिली, राहायला जागा दिली, अग्नी पुजायला देऊळ बांधू दिलं. राज्य परत मिळवून द्यायचं तेवढं राहून गेलं. राजपुत्रामागून सरदार आले, वैद्य आले, व्यापारी तर आधीपासूनच येत होते, आणि चारदोन पिढ्यांत सगळे चिनी होऊन गेले. या लोकांवर प्राध्यापकांचा मोठा ग्रंथ चालला होता आणि तो ग्रंथ पुरा करायला त्यांना हाताखाली माणसं हवी होती.

त्यांनी मला का निवडलं ते ऐका. माझ्या अर्जावर मुंबईचा पत्ता होता. इराण्यांची दुसरी एक तुकडी गलबतांतून गुजरातेत उतरली, तिचे वंशज मुंबईत भरलेले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा मुंबईचा माणूस म्हणजे या विषयात मुरलेलाच असणार, असा त्यांनी हिशेब केला. माझा इराणशी संबंध म्हणाल तर कोपऱ्यावरच्या इराण्याचा चहा आणि ब्रुन-मस्का. एम. ए. मी संस्कृतात केलं होतं. पण अर्जात मी लिहिलं होतं की इराणी समाजाशी माझा लहानपणापासून निकटचा परिचय आहे. यात खोटं काहीच नव्हतं.

अशा रीतीने एकसष्ट साली मी त्या गावात पोचलो. जर्मनीतल्या एर्लांगेनहून तासाभराच्या गाडीवरचं लहानसं विद्यापीठाचं गाव. आमचं संशोधन बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत चालायचं. एका खोलीत प्राध्यापक, एकीत त्यांच्या सेक्रेटरीणबाई आणि तिसरीत आम्ही तिघं: एक इस्फहानचा इराणी, एक हाँगकाँगहून आलेला चिनी, आणि मी. माझं काम टंकलेखनाचं. त्यातल्या त्यात विद्वत्तेचं वाटावं म्हणून मला सहायक संशोधक म्हणत.

त्या दोघांची दोस्ती बघण्यासारखी होती. चिन्याचं घराणं मूळचं कँटनचं, आणि कँटनमध्ये हजारबाराशे वर्षांपूर्वी इराणी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. इराणी त्याला छेडायचा, "आमची एवढी माणसं तुमच्याकडे आली, ती परत आलीच नाहीत. कुठे ठेवलीत?" चिनी गंभीरपणे म्हणायचा, "जेवायला बसली होती. उठवणं बरं दिसलं नसतं." इराणी त्याच्याकडून चिनी अक्षरं शिकला होता, आणि इतकी चांगली की प्राध्यापकही अडलं की त्याच्याकडे येत. जुनी फारसी आणि जुनी चिनी दोन्ही वाचणारा असा माणूस तेव्हा अख्ख्या जर्मनीत दुसरा असेल की नाही कोण जाणे.

एकच अडचण होती. दोघं बरोबर बाहेर निघाले की दाराशी अडकायचे. आधी तू, छे, आधी तू. हात छातीवर, मान तिरपी, एक जण एक पाऊल मागे, की दुसरा दोन पावलं मागे. सेक्रेटरीणबाई फायली घेऊन मधूनच वाट काढत आणि मला डोळ्यांनी विचारत, यांचं काय बिनसलंय. बिनसलेलं काही नसे. पुण्यातल्या माझ्या आत्याच्या घरी पंगतीला बसलेल्या कोणालाही ते समजलं असतं.

समजलं असतं म्हणतो, कारण माझंही पहिल्या महिन्यात तेच झालं होतं. घरमालकीणबाईंनी रविवारी केक पुढे केला. मी म्हटलं, नको नको. आपल्याकडे यजमानाला हे ऐकूच येत नाही. तुम्ही पानावर आडवा हात धरा, जिलबी बोटांच्या फटीतून पडते. बाईंनी "आल्झो गूट", म्हणजे बरं तर, म्हणून ताटली उचलली आणि कपाटात ठेवली. चार रविवार मी त्या कपाटाकडे बघत काढले. पाचव्या रविवारी त्यांचा प्रश्न पुरा होण्याआधी मी "या" म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये हो. इराण्याला आणि चिन्याला मात्र ही शिकवण मिळाली नव्हती. ते दोघं एकमेकांच्या खोलीतच जेवत आणि एकमेकांना पोटभर आग्रह करत.

बासष्टच्या हिवाळ्यात ग्रंथाचं शिष्टाचारांचं प्रकरण माझ्याकडे टाइप करायला आलं. इराणी सरदाराला चिनी दरबारात पदवी देऊ केली की तो ती एकदा नाकारी, दोनदा नाकारी, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून स्वीकारी. चिन्यांची रीतही हीच. त्यामुळे दुभाषा नसतानाही ही दोन माणसं एकमेकांना पहिल्याच भेटीत ओळखत, असं प्राध्यापकांनी मोठ्या आनंदाने लिहिलं होतं. मी तीन कार्बन लावून ते पुरं केलं. प्रकरण खरंच सुंदर होतं.

जानेवारीत एक श्टेले मंजूर झाली. म्हणजे असिस्टंटची रीतसर जागा, दोन वर्षांची. आम्हा तिघांच्या शिष्यवृत्त्या मार्चमध्ये संपत होत्या. जागा ज्याला मिळेल त्याचा राहण्याचा परवाना वाढणार, बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा. चिन्याचे मामा हॉलंडमध्ये होते, तो तिकडे जाऊ शकत होता. मी परत जाऊन कुठल्याशा कॉलेजात संस्कृत शिकवलं असतं. इराण्याचं तसं नव्हतं. त्याचा पाच वर्षांचा प्रबंध वर्षभरात पुरा होणार होता आणि त्याला लागणारे चिनी ग्रंथ तेहरानात कुठेच नव्हते. परत जाणं म्हणजे प्रबंध संपला, हे तिघांनाही माहीत होतं. जागा त्याचीच, हेही माहीत होतं.

शुक्रवारच्या कॉफीला प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं. इराणी उठून उभा राहिला. कान लाल झाले होते. म्हणाला, "हेर प्रोफेसर, माझी लायकी नाही. ही जागा माझ्या चिनी मित्राला शोभेल."

प्राध्यापकांनी वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि चिन्याकडे वळले. चिनीही उठला. आपण अडाणी आहोत, इराणी बंधूंसमोर आपण ही खुर्ची कशी घेणार, वगैरे तो म्हणाला. प्राध्यापकांनी तेही लिहिलं. दोघं एकमेकांकडे बघून मंद हसत होते. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. आता दुसरी फेरी व्हायची.

"आणि तुम्ही?" प्राध्यापकांनी मला विचारलं.

"या," मी म्हणालो. "गेर्न."

ते 'हो, आनंदाने' इतक्या झटकन तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. प्राध्यापकांना हायसं वाटलेलं दिसलं. नेमणुकीचे कागद आठ दिवस टेबलावर राहतील, कोणाला काही सांगायचं असेल तर सांगावं, मग ते कचेरीत जातील, असं म्हणून त्यांनी कॉफी संपवली.

त्या आठ दिवसांत इराणी रोज टाय लावून आला. रोज साडेआठच्या ठोक्याला. प्राध्यापक आमच्या खोलीवरून गेले की तो हातातलं पान खाली ठेवायचा. आपल्याला बोलावणार, पुन्हा विचारणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. माझ्या होकाराचा अर्थ त्याने असा लावला की मी जागा त्याच्यासाठी धरून ठेवली आहे. हे त्याने मला सांगितलं नाही, पण दोनदा माझ्या टेबलावर पिस्ते आणून ठेवले.

चिन्याला मात्र तिसऱ्या दिवशी उमगलं. मला जिन्यात गाठून तो म्हणाला, "तू जाऊन सांग. तो स्वतः मागणार नाही, आणि मी मागितलं तर त्याची मान खाली जाईल. तुझंच ऐकतील."

"बघतो," मी म्हणालो.

आपल्याकडे बघतो म्हणजे काय, ते मराठी वाचकाला सांगायला नको. चिन्याला कोण सांगणार? त्याने माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

मी दोनदा प्राध्यापकांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ते टेलिफोनवर होते. दुसऱ्यांदा मोकळे होते, तरी मी दार वाजवलं नाही. घरून थोरल्या भावाचं पत्र आलं होतं, हिमालयात चिन्यांनी काय केलं ते वाचलंस ना, आणि तू त्यांच्या पंगतीला बसतोस? ते पत्र मी खिशात घालून हिंडलो. त्याचा आणि या गोष्टीचा काडीचाही संबंध नव्हता. जागा इराण्याची होती. पण मनाला कारण लागतं, आणि ते कुठून आलं हे मन बघत नाही. आठव्या दिवशी कागद कचेरीत गेले.

ग्रंथ पुढे यथावकाश निघाला. प्रस्तावनेत प्राध्यापकांनी, पूर्वेकडच्या रीतिरिवाजांतले बारकावे समजावून दिल्याबद्दल, माझे आभार मानले आहेत. घरी त्या पानाचा फोटो काढून भिंतीवर लावला होता. मी सुट्टीवर गेलो की आलेल्या-गेलेल्याला आधी तिथे नेत.

चिनी मार्चच्या सुरुवातीलाच हॉलंडला गेला. जाताना माझ्याशी नुसता हात मिळवला. इराणी महिनाअखेरीला निघाला. म्युनिकपर्यंत गाडी, पुढे बसने तुर्कस्तानातून घर. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. त्याने मला अभिनंदनाची भेट आधीच दिली होती, त्याच्या आईने पाठवलेला छापील कापडाचा रुमाल. हवेचं बोललो, बसच्या प्रवासाचं बोललो. गाडीला सात-आठ मिनिटं असताना त्याने विचारलं, "त्या शुक्रवारी मी नाही म्हणालो, तेव्हा तुला काय वाटलं?"

खरं सांगायला तेवढी मिनिटं पुरली असती.

"मला वाटलं, तुला खरंच नकोय," मी म्हणालो.

 तो हसला, मनापासून हसला.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "दोन महिने मला उगीच वाटत होतं, त्या खोलीत चिनी मित्राखेरीज निदान एका माणसाला तरी मी काय बोलतोय ते समजलंय. आणि मला तुझा राग येत होता. माफ कर."

माफ केलं, असं मी म्हणालो. गाडी आली. त्याच्या दोन्ही पेट्या मी डब्यात चढवून दिल्या, आणि खिडकीतून त्याने घरचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे. मी त्याला एकही पत्र लिहिलं नाही.