वेस अरुंद आहे, असू दे

परवा इंग्लंडमधल्या एका जुन्या गावात, भर रस्त्यात, मी एका गृहस्थांशी भांडले. माझं वय पंच्याऐंशीच्या पुढे, हातात काठी... नातीने कपाळावर हात मारून घेतला.

गार्गी, म्हणजे माझी नात, तिकडे नोकरीला आहे. सुट्टी आली की ती मला अशी जुनी गावं दाखवायला नेते. दगडी चर्च, गवताच्या छपरांची घरं, ओढ्यावरचे बुटके पूल... मला हे सगळं फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

तर त्या गावाला एक वेस आहे. जुनी दगडी कमान, आणि गावचा मुख्य रस्ता तिच्याच पोटातून जातो. एका वेळी एकच गाडी मावते. अलीकडची बस थांबते, पलीकडचीला येऊ देते, मग जाते.

या वेळी आम्ही सहलीच्या एका ग्रुपबरोबर गेलो होतो, त्यात पुण्याचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "आपल्याकडे असती तर कधीच पाडली असती. आपल्या लोकांना जाणच नाही हो." झालं... माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आमच्या गावची वेस पाडायला निघाले होते, आणि ती पडली नाही. मी तिथे होते. सांगतेच आता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासर इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या अलीकडे. भवानीनगरच्या कारखान्यामुळे जिकडेतिकडे उसाच्याच गप्पा. पण ऊस न्यायला आलेली लॉरी आमच्या वेशीत अडकायची. म्हणून ठरलं... बैलांचा सण, बेंदूर, झाला की वेस पाडायची.

ठरवणारे कोण? माझे सासरेच. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, गाव आबा म्हणायचं. गावचे पाटील, त्यांच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. सुनेने तर त्यांच्यासमोर मानही वर करायची नाही.

मला मात्र ती वेस हवी होती. लग्न होऊन आले तेव्हा वाटभर रडत होते. बैलगाडी कमानीखाली आली आणि एकदम गारवा लागला... तिथे पहिल्यांदा वाटलं, जमेल आपल्याला इथे. पण हे कुणाला सांगणार? हसले असते सगळे.

आता आमच्याकडची बेंदराची रीत ऐका. वेशीच्या कमानीत पिंपळाच्या पानांचं तोरण बांधतात आणि गावातले सगळे सजवलेले बैल वेशीबाहेर जमतात. मानाची जोडी पहिली आत शिरते, तोरण तोडते, मग बाकीच्या येतात. तो पहिला मान आमच्या घरचा. आणि त्या जोडीला वेशीत ओवाळायचं ते घरच्या सुनेने.

त्या वर्षी ती सून मी. ताट घेऊन कमानीखाली उभी राहिले. समोर रंगवलेली शिंगं, झुली, कडकडणारी हलगी, आणि जोडीपुढे फेटा बांधलेले मामंजी. पण मी काही ओवाळेना.

हलगी थांबली. मामंजी म्हणाले, "काय झालं गं पोरी?"

मी पदर आणखी पुढे ओढला, पण बोलले. "मामंजी, हितं एका टायमाला एकच जोडी मावती, म्हणून आपली पयली. वेस पाडून रस्ता रुंद केला, तर म्होरल्या साली पयली जोडी कुणाची? धा जोड्या शेजारी शेजारी जात्याल. आन तोरण कुठं बांदायचं?"

सासूबाईंनी मागून माझं लुगडं ओढलं. आता काही आपली धडगत नाही, माहेरी धाडतात, एवढंच डोक्यात.

एवढ्यात खालच्या आळीचे भगवानराव मोठ्याने हसले. त्या पहिल्या मानावरून त्यांचं आणि आमच्या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. ते म्हणाले, "सूनबाईचं खरं हाय की आबा! पाडाच वेस. म्हणाल तर उद्या आमीच कुदळी घिऊन येतो."

मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग वर कमानीकडे बघितलं.

"तुज्या कुदळी ऱ्हाऊ दे तुज्या घरी," मामंजी म्हणाले. "लॉरी गावाला वळसा घालून जाईल. आमच्या खळ्यातनं वाट काढा." आणि माझ्याकडे न बघता, "ओवाळ."

ओवाळलं. तोवर निरांजन विझलं होतं, ते आधी पुन्हा लावावं लागलं.

घरी कौतुकबिवतुक काही झालं नाही. सासूबाईंनी तर कितीतरी दिवस अबोला धरला. पण पुढच्या बेंदराला मला यायला उशीर झाला, आणि मामंजींनी अख्खी मिरवणूक वेशीबाहेर थोपवून धरली. "सून येऊ द्या. तिच्याबिगर जोडी हलायची न्हाय," असं गावासमोर म्हणाले. आजही आठवलं की डोळे भरून येतात...

हे सगळं मी त्या गृहस्थांना ऐकवलं. ते म्हणाले, "एखादा अपवाद असतो हो आजी," आणि फोटो काढायला गेले. गार्गी म्हणाली, सोड ना. मी नाही सोडत!

आता गावात बैल थोडेच राहिलेत. बेंदराला पोरं ट्रॅक्टरही सजवून आणतात. पण वेशीबाहेर रांग लागते, आणि नंबर आल्याशिवाय कुणी आत घुसत नाही. कमानीवर ना पाटी, ना तिकीट.

जाण नाही म्हणे... या की एकदा बेंदराला. वेशीबाहेर थोडं थांबावं लागेल मात्र. आधी आमची जोडी जाईल.