मालकाच्या तांब्याचं नोझल

आमच्या शेजारच्या फिटरभाऊसारका माणूस उब्या सोलापुरात दुसरा न्हाय, आन् असलाच तर त्येच्याबी बायकोनं भांडी लपवून ठेवली असतील. अक्कलकोट रोडला टावेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतोय, आन् घरामागं इमानाला असतंय तसलं इंजिन बनवतोय. ट्रकचा जुना टर्बो आणून चाकाच्या गाड्यावर बसवलाय. जाळाचा वारा मागनं ज्या निमुळत्या तोंडातनं भाईर पडतोय, त्येला म्हणं नोझल म्हणायचं. सादा पत्रा पापडागत जळून गेला, तवापास्नं ह्येचा डोळा लोकांच्या स्टीलवर. खिशात कायम चुंबक. लग्नात जेवाण झालं की ताट पालथं घालून चुंबक लावणार आन् नवरीच्या बापाला सांगणार, "चिकटत न्हाय, पावणं. चांगलं स्टील हाय!" घरातलं पेलं, डबं समदं इंजिनानं खाल्लं. बायको म्हणाली, "आता शेवटचं. गाडा जागचा हलला तर हलला, न्हायतर भंगारवाल्याला बोलावते." सात वर्सं खपलेला माणूस, दोन दिस नुसती इंजिनावरची धूळ पुसत बसला.

मग मी माज्या मालकाचा तांब्या दिला. चांगला जाड स्टीलचा, गळ्यावर त्येंचं नाव घातलेलं. मालक गेले तवा पोरं ल्हान हुती. टावेलाच्या कडा शिवून शिवून वाढवली. घरातलं एकेक गेलं, तांब्या तेवडा ठेवला हुता.

तांब्याचं बूड कापून नोझल बसवलं, इंजिन घुमलं, पर गाडा काय हलंना. मी वाकून बगितलं. "भाऊ, फुकणीचं तोंड बारीक का असतंय? म्हंजे वारा जोरात जातोय. ह्ये आवळ की."

"आवळायचं तर गळ्याला उबा काप द्यावा लागतोय, आक्का. मालकांच्या नावावरनं जातोय."

नाव वाचवाय गडी आपलं इंजिन भंगारात घालाय निगालता!

"येडा हाईस का रं? माणूस गेला तरी मी हुबी राह्यले. तांब्याचं काय घिऊन बसलास? काप."

भाऊनं वेल्डिंगचा काळा चष्मा वर करून डोळं पुसलं, आन् कापला.

दुसऱ्या दिशी दुपारी इंजिन लावलं. असा आवाज, की शेजारची कौलं थरथरली. आन् गाडा हलला! पार न्हाणीच्या भिंतीला जाऊन धडकला. बायको पदर तोंडाला लावून हसतीया, आन् ह्यो मातीतच फतकल मारून बसलेला. नोझल इंगळागत लाल झालतं.

आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवडंच. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय म्हणून मी घेतलं. मोट्यानं, दोनदा. तिसऱ्यांदा घ्याय गेले, तर इंजिन बंद झालं.